बंड्या आता रानात फिरायला जातो: गोचीड आणि सापापासून त्याला कसं जपायचं?

पायवाट:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक झालाय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही, म्हणून लिहिते.

आमचा कुत्रा बंड्या ३ वर्षांचा. वजन २२ किलो, अंगावर दाट करडे केस, कान लोंबते. आजवर त्याचं फिरणं डांबरी रस्त्यापुरतं होतं. दोन महिन्यांपूर्वी आम्ही मोकळ्यावरच्या घरात राहायला आलो. दाराबाहेर पाऊल टाकलं की पायवाट, दोन्ही अंगांना कंबरभर गवत, पुढे ओढा आणि दगडी बांध. बंड्या एकदा नाक जमिनीला लावतो ते परत घरी येईपर्यंत वर काढत नाही.

रविवारी रात्री त्याचा कान खाजवताना माझ्या बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. मला वाटलं चामखीळ आहे. बॅटरी लावून पाहिलं तर वाटाण्याएवढा राखाडी फुगा, आणि कातडीजवळ बारीक पाय हलत होते. मी घाबरून नखांनी ओढला. तो फुटला, बोटं रक्ताने भरली आणि एक काळा ठिपका कातडीतच राहिला. मग सगळं अंग चाचपलं, तर पुढच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत आणखी तीन सापडले, चपटे, तिळाएवढे.

हे कमी म्हणून की काय, गुरुवारी संध्याकाळी पायवाटेवरून साप आडवा गेला. आमच्यापासून चार हातांवर. बंड्याच्या गळ्यात लांब सुटत जाणारी दोरी होती, ती खाडकन सुटली आणि तो नाक पुढे करून सरळ सापाच्या मागे गवतात. मी कशी ओढली माझं मला ठाऊक. काही झालं नाही, पण घरी येऊन मला दाराची कडी लावता येईना, इतके हात थरथरत होते.

त्या दिवसापासून त्याचं फिरणं बंद आहे. रोज ठरलेल्या वेळी तो दारापाशी जाऊन बसतो आणि माझ्या चपलांकडे बघतो. सासरे म्हणतात, अंगणातच फिरव, रानात न्यायची गरज काय. मला ते पटत नाही, पण ठामपणे उत्तरही देता येत नाही. कानात राहिलेल्या त्या ठिपक्याचं काय करायचं? गोचिडांसाठी गोळी द्यावी, पट्टा घालावा की मानेवर टाकायचं औषध? आणि सापाच्या बाबतीत फिरताना काय पाळायचं, दुर्दैवाने चावलाच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं? ज्यांनी हे स्वतः अनुभवलंय त्यांनी कृपया सांगा.

मैनेची आई:

पायवाट ताई, आधी त्या काळ्या ठिपक्याचं सांगते. ते गोचिडाचं तोंड आहे. सुईने, चिमट्याने उकरत बसू नका, त्याने जखम मोठी होईल. जंतुनाशक लावून सोडून द्या, कातडी आपणहून ते बाहेर टाकते. चार-पाच दिवसांत लाली वाढली, पू झाला किंवा गाठ राहिली तरच दाखवा. आणि फुटलेल्या गोचिडाचं रक्त हाताला लागलं होतं, तेव्हा पुढच्या वेळी हातमोजे घाला. त्या रक्तातले जंतू माणसाच्या हातावरच्या बारीक चिरांतूनही जाऊ शकतात. गोचीड नखांनी चिरडणं ही आपल्या सगळ्यांची सवय आहे, ती मोडायला हवी.

आता आमच्या कुत्रीची, मैनेची गोष्ट, कारण तुम्ही आज जिथे आहात तिथेच मी दोन वर्षांपूर्वी होते. मैनेच्या अंगावर सात-आठ गोचीड सापडले, मी काढले, तिला आंघोळ घातली आणि विषय संपला असं समजले. साधारण पंधरा दिवसांनी तिने एक वेळचं जेवण सोडलं. मी म्हटलं उकाडा आहे. दुसऱ्या दिवशी जिना चढताना मध्येच बसली. मी म्हटलं दमली असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या फरशीवर लाल थेंब दिसले, एकाच रेषेत, पाण्याच्या भांड्यापर्यंत. नाकातून रक्त येत होतं. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, कागदासारख्या पांढऱ्या. पोटावरचे केस बाजूला केले तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके सांडल्यासारखे. प्लेटलेट १८ हजार निघाल्या. कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात.

एर्लिकिया झाला होता, ज्याला आपण सरसकट टिक फीवर म्हणतो. डॉक्सिसायक्लीन २८ दिवस. औषध सुरू झाल्यावर दोन दिवसांत ती उठून जेवली आणि घरात सगळे म्हणायला लागले, झाली बरी, आता कशाला गोळ्या. मी २८ दिवस पूर्ण केले. हा आजार दबून राहतो, वरून कुत्रं ठणठणीत दिसतं आणि महिन्यांनी, कधी वर्षांनीही तो पुन्हा डोकं काढतो. तेव्हा तो अस्थिमज्जेपर्यंत पोचलेला असू शकतो आणि मग हाताशी फार काही उरत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं असं की औषध कुठलंही द्या, पण रोज फिरून आलात की दहा मिनिटं कुत्र्याला हातांनी वाचा. डोळ्यांनी नव्हे, हातांनी. दाट केसांत भुकेला गोचीड दिसतच नाही, बोटाच्या पेराला मात्र लगेच कळतो. माझा क्रम ठरलेला आहे. आधी कान, बाहेरून आणि आतल्या घडीतून. मग पापण्या आणि ओठांची कड. मग गळ्यातला पट्टा काढून त्याच्याखाली, कारण पट्ट्याची सावली गोचिडाला फार आवडते. मग काखा, जांघा, शेपटीच्या खाली. शेवटी चारही पंजे, प्रत्येक बेचकं बोटाने उघडून. मैना आता पंजे आपणहून पुढे करते.

काढायचा कसा तेही सांगते. बारीक टोकाचा चिमटा किंवा गोचीड काढायचा आकडा घ्या. केस बाजूला करून गोचिडाला अगदी कातडीलगत धरा, पोटाला नाही. मग न हिसडता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. दोन-चार सेकंद कातडी तंबूसारखी वर येते आणि मग तो सुटतो. आकडा असेल तर त्याच्यासोबतच्या सूचनेप्रमाणे फिरवून काढा. तेल, रॉकेल, व्हॅसलीन, पेटती काडी यातलं काहीही लावू नका. गुदमरला किंवा चटका बसला की तो पोटातला ऐवज जखमेत ओकण्याची शक्यता वाढते, म्हणजे आपणच जंतू आत घातले. काढलेला गोचीड स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका आणि बाटलीवर तारीख लिहा. पुढे कुत्रं आजारी पडलं तर डॉक्टरांना तारखेचा फार उपयोग होतो.

लवकर काढण्यावर मी इतका जोर देते कारण बरेचसे जंतू चिकटल्याबरोबर आत जात नाहीत. लाइम रोगाच्या जंतूंना साधारण एक ते दोन दिवस लागतात. एर्लिकिया मात्र काही तासांतही जाऊ शकतो. त्यामुळे ‘रविवारी बघू’ असं चालत नाही.

आणि घर विसरू नका. कुत्र्यांवरचा जो तपकिरी गोचीड आहे तो रानापुरता राहत नाही. मादी रक्त पिऊन टम्म झाली की गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, चौकटीच्या मागे, अंथरुणाच्या शिवणीत हजारो अंडी घालते. त्यातून निघणारी पिल्लं सहा पायांची, धुळीच्या कणाएवढी असतात. कात टाकली की पाय आठ होतात. त्यांची सगळी पिढी घरातच वाढू शकते. माझ्याकडे दाराच्या चौकटीवरून वर चढणारी रांग पाहिली तेव्हा मला हे कळलं. बंड्याचं अंथरूण आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, फटी व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि आतली पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका.

तांबूचा बाबा:

गोचिडांचं ताईंनी उत्तम सांगितलंय, मी सापाचं सांगतो. आमच्या तांबूला साप चावला होता. आज तो माझ्या पायाशी झोपलाय, म्हणून हे लिहायचं बळ आहे.

सूर्य नुकताच मावळला होता. पडक्या बांधाच्या दगडांत त्याने तोंड घातलं, एकदाच केकाटला आणि मागे सरला. मला वाटलं काटा लागला. बॅटरी मारली तर उजव्या गालावर रक्ताचे दोन थेंब. तेवढ्या वेळात दगडांतून कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार ऐकू आला आणि मी समजलो. पंधरा मिनिटांत गाल इतका सुजला की डोळा मिटला आणि गळ्यातला पट्टा रुतायला लागला. तेवढी एक गोष्ट मी बरोबर केली: पट्टा लगेच काढला.

चूक पुढे झाली. मी सगळ्यात जवळच्या दवाखान्यात धावलो आणि तिथे सर्पदंशावरची लसच नव्हती. तिथून दुसरीकडे जाण्यात चाळीस मिनिटं गेली. ती चाळीस मिनिटं मी गाडीत मागे बसून तांबूचं डोकं मांडीवर धरून होतो आणि त्याची लाळ तांबडी होत होती. दुसऱ्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी न हलवता २० मिनिटं ठेवली. मग तिरकी केली. गोठून घट्ट व्हायला हवं होतं ते रक्त पाण्यासारखं वाहिलं. घोणसाच्या जातीच्या विषाने रक्ताची गोठण्याची ताकद संपते, ती ही तपासणी. लस दिली, सलाईन लावलं, दोन दिवस तो तिथेच होता. गालाची कातडी काळी पडून गळाली आणि भरून यायला तीन आठवडे लागले.

डॉक्टर मला म्हणाले होते, लस अंगात फिरणारं विष निकामी करते, पण विषाने आधीच जे बिघडवलंय ते ती परत जोडत नाही. माझ्या डोक्यात ते अजून घुमतं. म्हणून ताई, आज रात्रीच एक काम करा. तुमच्या आसपासच्या सगळ्या पशुवैद्यांना फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा: सर्पदंशाची लस आत्ता तुमच्याकडे आहे का, आणि रात्री कोण असतं? उत्तरं कागदावर लिहून दारामागे चिकटवा आणि फोनमध्येही ठेवा. साठा संपतो, डॉक्टर बदलतात, म्हणून दर दोन महिन्यांनी पुन्हा विचारा.

चावलाच तर कुत्र्याला चालू देऊ नका. उचला, चादरीत घ्या, जितकं हलेल तितकं विष पसरतं. गळ्यातला पट्टा, छातीचा पट्टा, सगळं काढा. निघता निघताच दवाखान्यात फोन करा म्हणजे ते तयारीत राहतील. करकचून दोरी बांधू नका, चीर देऊ नका, तोंडाने ओढू नका, बर्फ लावू नका. दुखतंय म्हणून माणसांची गोळी तर अजिबात नको, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला एरवीही घातक ठरू शकतात. साप शोधायला किंवा मारायला थांबू नका. लांबून फोटो सहज मिळाला तर ठीक, नाहीतर रंग आणि अंगावरची नक्षी लक्षात ठेवा. मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं, म्हणून तो उचलून न्यायचा विचार नको. कितीही गुणी कुत्रं असलं तरी वेदनेत ते आपल्याला चावू शकतं, हेही ध्यानात असू द्या, पण तोंड सुजलं असेल किंवा उलटी होत असेल तर मुसकी बांधू नका, ते गुदमरेल.

एक वेगळा धोका आहे तो सगळ्यांना माहीत नसतो. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं. मण्यारीच्या दंशाला सूज जवळपास नसते, दातांची खूणही केसांत दिसत नाही. कुत्रं नुसतं सुस्त होतं, पापण्या जड होतात, मागचे पाय लटपटतात, लाळ गळते, आवाज बदलतो, मग श्वास उथळ होतो. अशा वेळी ‘काही चावल्याचं दिसत नाही’ म्हणून थांबलं तर घात होतो. तिथे लसीबरोबर कृत्रिम श्वासाची सोय लागू शकते, तेही फोनवर विचारून ठेवा.

फिरण्याबद्दल. ती सुटत जाणारी दोरी कायमची बाजूला ठेवा. दीड-दोन मीटरचा साधा पट्टा, आणि कुत्रं पायवाटेच्या मधोमध. कुत्र्यांना दंश बहुतेक वेळा तोंडावर आणि पुढच्या पायांवर होतो, कारण ती नाकाने आणि पंजाने चौकशी करतात. तेव्हा तोंड कुठे जातंय यावरच लक्ष हवं: दगडांचे ढीग, पडलेली खोडं, बिळं, वारुळं, पालापाचोळा, ओढ्याकाठचं दाट गवत. उन्हाळ्यात साप तापलेल्या दुपारी आडोशाला असतात आणि तिन्हीसांजेला, रात्री बाहेर पडतात. थंडीत उलट, सकाळचं ऊन घ्यायला उघड्यावर येतात. मी आता ऋतू बघून वेळ बदलतो आणि अंधार पडायच्या आत घरी असतो. हवेतला आवाज सापाला आपल्यासारखा ऐकू येत नाही, पण जमिनीची धमक त्याला चांगली कळते. जाड बूट घालून पाय आपटत चाला. वाट दिली तर बहुतेक साप निघून जातात.

पायवाट:

तुम्हा दोघांचं वाचून डोळे भरून आले. मैना आणि तांबू दोघांनाही माझ्याकडून कुरवाळा.

कागद दारामागे लागलाय. सहा ठिकाणी फोन केले, लस फक्त दोघांकडे निघाली, आणि त्यातलं एकच रात्री उघडं असतं. आमच्यापासून सगळ्यात जवळ असलेल्या ठिकाणी नाही. हे आज कळलं, त्या गुरुवारी कळलं नव्हतं, या विचारानेच पोटात गोळा आला.

दोन शंका राहिल्या. गोळीने कुत्र्यांना फिट येते असं एकीने सांगितलं, ते खरं का? आणि आमच्याकडे मांजरही आहे, ती बंड्याच्या कुशीत झोपते. मानेवर टाकायचं औषध तिला चालेल का?

गुरांचा-कुत्र्यांचा डॉक्टर:

मी पशुवैद्य आहे. मांजराचं आधी, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. कुत्र्याच्या अंगावरचं ओलं औषध चाटून किंवा नुसतं त्याला बिलगून झोपूनही मांजराला झटके येऊन मरण येऊ शकतं. तुमच्या घरात परमेथ्रिन आणूच नका. अमित्राझ या गोचीडनाशकाचा पट्टा किंवा द्रावणही नको.

गोळ्यांबद्दल. फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर, लोटिलानर ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. फ्लुरालानरची गोळी साधारण १२ आठवडे चालते, बाकीच्या महिनाभर. २०१८ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सूचना काढली की या गटाने काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणं किंवा फिट येऊ शकते. त्याच सूचनेत ही औषधं बहुतेक कुत्र्या-मांजरांसाठी सुरक्षित असल्याचंही म्हटलं होतं. म्हणजे ज्याला आधी कधी फिट आली आहे त्याचं डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. बंड्याला कधी आली नसेल तर तुमच्या घरासाठी मला गोळीच सोयीची वाटते, कारण मांजराला बिलगण्याचा प्रश्न उरत नाही. वजन करून, वजनाच्या गटाप्रमाणेच द्या. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून देऊ नका.

गोळीचं काम कसं चालतं हे समजून घ्या, नाहीतर निराश व्हाल. औषध रक्तात असतं, म्हणून मरण्यासाठी गोचिडाला आधी चावावं लागतं. गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसतील, पण ते सुकलेले, मेलेले असतील. औषध लागू पडलं नाही असा त्याचा अर्थ नाही. पण म्हणूनच मैनेच्या आईने सांगितलेली हातांची तपासणी गोळीनंतरही सोडायची नाही.

एक इशारा सगळ्यांसाठी. गोचीड झाले की कुणाच्या तरी सांगण्यावरून गुरांचं आयव्हरमेक्टिन कुत्र्याला टोचलं जातं. कोली ही मेंढ्या राखणारी कुत्र्यांची जात आणि तिच्या नात्यातल्या जातींत एका जनुकातल्या बदलामुळे ते मेंदूत शिरतं आणि कुत्रं बेशुद्ध पडतं. मिश्र जातीच्या कुत्र्यात ते जनुक आलंय की नाही हे बघून सांगता येत नाही. कृपा करून घरच्या घरी सुई मारू नका.

सापाच्या लसीबद्दल एक गैरसमज मला रोज खोडावा लागतो. ‘कुत्रं लहान आहे, लस कमी लागेल’ असं नसतं. लस कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही, सापाने किती विष सोडलंय त्यावर ठरते. पाच किलोच्या कुत्र्याला मोठ्या कुत्र्याइतकीच, कधी जास्तही लागते. लसीची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ती दवाखान्यातच द्यायची.

गोचिडामुळे ताप येतो हे आधी गुराख्यांच्या लक्षात आलं होतं, पण शहाण्यांनी ते मानलं नाही. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी गुरांच्या तापावर काम करून ते सिद्ध केलं. मी जनावर तपासण्याआधी सांभाळणाऱ्याला विचारतो, ‘आज याचं काय वेगळं वाटलं?’ ते यासाठीच. तुमचा बंड्या निरोगी असताना त्याच्या हिरड्यांचा रंग बघून ठेवा. बोटाने दाबा, पांढरी होईल, दोन सेकंदांच्या आत गुलाबी परत यायला हवी. गुदद्वारातलं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तेही एकदा मोजून लिहून ठेवा. नाक गरम की गार यावरून ताप ठरवू नका. आणि गोचीड सापडून तीन आठवडे होईपर्यंत भूक, लघवीचा रंग आणि हिरड्या बघत राहा. लघवी कॉफीसारखी गडद झाली तर ती बाबेसिया या गोचिडांतून येणाऱ्या दुसऱ्या रोगाची खूण असू शकते, त्याच दिवशी या.

माळावरचा:

सगळ्यांनी पट्टा आखूड ठेवा म्हटलंय, बरोबरच आहे. पण पट्टा हातातून सुटतो. मी तीस वर्षं कुत्री सांभाळतोय, माझ्या मते खरी दोरी म्हणजे ‘सोड’ हा एक शब्द.

तो घरात शिकवा, रानात नाही. मुठीत साधा खाऊ धरा. बंड्या हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. काही बोलू नका. ज्या क्षणी तो नाक मागे घेईल, त्या क्षणी दुसऱ्या हातातला जास्त आवडीचा खाऊ द्या. मुठीतला कधीच नाही. हे जमलं की नाक मागे घेताना ‘सोड’ म्हणा. मग खाऊ जमिनीवर ठेवा, मग चालता चालता, मग अंगणात दोरीचा तुकडा टाकून तो ओढा. हालणारी दोरी सोडून जो माझ्याकडे तोंड वळवतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. दिवसातून पाच मिनिटं, दोनदा. दोन महिने धरा. ओरडायचं नाही. रानात साप दिसला की आपला आवाज आपोआप चिरकतो, आणि कुत्र्याला तो चिरका आवाज म्हणजे ‘पकड’ वाटतो. म्हणून ‘सोड’ हळू आवाजात शिकवा, म्हणजे त्या वेळीही तुम्ही तो हळूच म्हणाल.

पायवाट:

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

बंड्याची रक्ततपासणी केली, प्लेटलेट २ लाख ६० हजार, बाकी सगळं ठीक. महिन्याने परत करायला सांगितलंय. गोळी दिली. सहाव्या दिवशी काखेत गोचीड सापडला. धडधडत्या छातीने बॅटरी लावली तर कोरडा, पाय आत ओढलेला, चिमटा लावताच सुटून आला. डॉक्टरसाहेब, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी गोळीला दोष देत बसले असते.

हिरड्या रोज बघते. त्याच्या खालच्या ओठाच्या आत डावीकडे एक काळा डाग आहे, तीन वर्षांत मला माहीत नव्हता.

कानातला ठिपका गेला, जागा कळतसुद्धा नाही. ‘सोड’ अजून मुठीपर्यंतच आलंय, दोरीची पाळी लांब आहे. आखूड पट्ट्यावर पहिले तीन दिवस तो रुसला, मग पायवाटेच्या मधोमध चालायला लागला. काल परतताना पडक्या बांधापाशी थांबून त्याने दगडांकडे मान वळवली. मी हळूच ‘सोड’ म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि खाऊसाठी माझ्या खिशाला नाक लावलं. सासरेही आमच्यासोबत आले होते. घरी आल्यावर त्यांनीच बंड्याला समोर बसवलं आणि चष्मा लावून एकेक बेचकं उघडून बघितलं.